टायटर किती आला?

रिपोर्टमध्ये एकच ओळ होती. अँटी-एचबीएस : ३.१. म्हणजे हिपॅटायटिस बीच्या लसीने रक्तात तयार होणाऱ्या अँटिबॉडीचं प्रमाण, यालाच टायटर म्हणतात. शेजारी बारीक अक्षरात छापलेलं, संरक्षणासाठी १० किंवा त्याहून जास्त. लॅबच्या खिडकीपाशी उभी राहून मी तो कागद दोनदा वाचला, वरचं नाव माझंच आहे ना ते पाहिलं आणि बाजूच्या बाकड्यावर जाऊन बसले. सात वर्षं मी रोज रक्त काढत होते, सलाईन लावत होते, उलट्या-ड्रेन साफ करत होते. आणि इतकी वर्षं मनात एक पक्का भरवसा होता की कावीळ बीचं, म्हणजे हिपॅटायटिस बीचं, लसीकरण आपलं झालंय. तीन डोस घेतलेत, कार्डावर तारखा आहेत, शिक्का आहे.

हे जून २०२४ मधलं. भांडुपच्या एका नर्सिंग होममध्ये सात वर्षं काढल्यावर परळ भागातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या डायलिसिस युनिटसाठी माझी निवड झाली होती. इंटरव्ह्यू झाला, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन तपासून झालं, पगार ठरला. मग एचआरच्या मुलीने एक छापील कागद हातात दिला. म्हणाली, "हे सगळं पूर्ण करून फाईल इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरांकडे द्या. त्यांची सही झाली की जॉइनिंग."

कागदावर हिपॅटायटिस बीचे तीन डोस आणि त्यापुढे टायटर. एमएमआर म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्र लसीचे दोन डोस, नाहीतर गोवर-रुबेलाच्या अँटिबॉडी असल्याचा रिपोर्ट. कांजिण्या लहानपणी येऊन गेल्या का, नसतील तर त्या लसीचे दोन डोस. धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची एकत्र लस म्हणजे टीडॅप. यंदाची फ्लूची लस, कोविडचं सर्टिफिकेट, छातीचा एक्स-रे. स्वयंपाकघरात काम करणाऱ्यांसाठी टायफॉइडचा वेगळा रकाना होता. आधीच्या ठिकाणी यातलं एकही कुणी विचारलं नव्हतं. रुजू झाले त्या दिवशी ड्रेसचं माप घेतलं आणि संध्याकाळी नाईट ड्युटी लावली.

कोविडचं सर्टिफिकेट दोन मिनिटांत सापडलं, मोबाइलमध्येच होतं. १६ जानेवारी २०२१ ला मोहीम सुरू झाली तेव्हा पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांना होता. मेसेज आला, वेळ मिळाली, टोचून झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवलं, दुसऱ्या डोसची आठवणही आपोआप आली. तेव्हा वाटलं होतं, आता आमच्या सगळ्याच लसींची अशी नोंद राहील. तसं काही झालं नाही. बाकीच्या लसींसाठी मला गावी फोन करावा लागला.

आमचं गाव कुडाळजवळ. आईने लसीचं कार्ड पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. भावाने फोटो पाठवला. गुलाबी कार्ड, चार घड्या पडलेलं, एका कोपऱ्याला झुरळांनी खाल्लेलं. बीसीजी, ट्रिपल, पोलिओ, आणि शेवटी 'गोवर', पुढे १९९७ सालची तारीख. फोनवर आई म्हणाली, "नऊ महिन्यांची होतीस. दोन दिवस कणकण होती, मांडीवरून खाली उतरली नाहीस." त्या कार्डावर हिपॅटायटिस बीचा रकानाच नव्हता. असणार कसा? सरकारी लसीकरणात ही लस देशभर पोहोचली ती २०११ मध्ये. म्हणजे आज वॉर्डात काम करणाऱ्या माझ्या वयाच्या बहुतेक सिस्टर, ब्रदर, मावशी, मामा यांना लहानपणी ती मिळालेलीच नाही. गोवराचा दुसरा डोसही आमच्या वेळी नव्हता. २०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवराची साथ आली तेव्हा आमच्या नर्सिंग होममध्ये अंगावर पुरळ उठलेलं एक मूल आलं होतं. मी त्याला उचलून घेतलं होतं. तेव्हा स्वतःच्या डोसांचा विचार डोक्यात आला नव्हता.

बाकीच्या लसी भराभर उरकल्या. कांजिण्या मला चौथीत येऊन गेल्या होत्या, रक्तातही अँटिबॉडी निघाल्या, ती लस टळली. एमएमआर ही जिवंत लस, म्हणजे तिच्यात दुबळे केलेले जिवंत विषाणू असतात. ती टोचण्याआधी सिस्टरांनी दार लोटून घेतलं आणि सरळ विचारलं, "पाळी कधी आली होती? दिवस राहायचा विचार आहे का?" आमचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. लघवीची तपासणी केली, आणि टोचल्यावर महिनाभर दिवस राहू देऊ नका असं बजावलं. दोन डोसांमध्ये चार आठवडे. फ्लूची लस मुंबईत पावसाच्या तोंडावर घेतलेली बरी, कारण आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो, आणि ती दर वर्षी घ्यावी लागते. टीडॅपने दंड दोन दिवस जड झाला. आंबोळीचं पीठही डाव्या हाताने ढवळलं.

अडकलं ते हिपॅटायटिस बीपाशी.

३.१ चा कागद घेऊन मी इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरांच्या खोलीत गेले तेव्हा माझा चेहरा पाहूनच त्यांनी खुर्ची पुढे केली. पन्नाशीच्या बाई, नाकावर चष्मा, टेबलावर रजिस्टरांची चळत. "घाबरू नकोस ग. या आकड्याचे दोन अर्थ होतात." आणि मला कॉलेजात कुणीही समजावलं नव्हतं ते त्यांनी दहा मिनिटांत समजावलं.

लस लागू पडली की नाही हे शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांत पाहायचं असतं. त्या वेळी टायटर दहाच्या वर असला तर तो माणूस सुरक्षित. पुढे वर्षागणिक आकडा उतरत जातो, कधी दहाच्या खाली येतो, तरी शरीराला ओळख राहिलेली असते. विषाणू आला तर ते पुन्हा उभं राहतं. माझी तपासणी वेळेवर झालीच नव्हती. त्यामुळे माझा ३.१ हा उतरलेला आकडा होता की लस मुळातच लागू पडली नव्हती, हे नुसत्या कागदावरून कळायला मार्ग नव्हता. तरुण निरोगी माणसांतही शंभरात पाच-दहा जणांना तीन डोसांनी पुरेसं संरक्षण मिळत नाही. वय वाढलं, वजन जास्त असलं, विडी-सिगरेट असली की हे प्रमाण आणखी वाढतं.

"टोचलं कुठे होतं तुला?" त्यांनी विचारलं.

मला तो दिवस लख्ख आठवला. २०१४, जीएनएम या नर्सिंग डिप्लोमाचं पहिलं वर्ष, होस्टेलचं जेवणघर. आम्ही तीस जणी रांगेत. थर्ड इयरच्या मुलींना सरावासाठी आमच्यावर सोडलं होतं. लसीच्या व्हायल टेबलावर एका वाडग्यात, बर्फाच्या पाण्यात तरंगत होत्या. आणि टोचलं होतं कमरेत.

सिस्टरांनी चष्मा काढला. "ही लस दंडात द्यायची. कमरेत चरबी असते, तिथे ती नीट लागू पडत नाही. आणि ही लस दोन ते आठ डिग्रीत ठेवायची, गोठवायची नाही. एकदा गोठली की फुकट." माझ्या बाबतीत नेमकं काय चुकलं हे आज कुणी सांगू शकणार नाही, कदाचित काहीच चुकलं नसेल. पण त्या तीस जणींपैकी एकीचाही टायटर कुणी पाहिला नाही, एवढं मला खात्रीने माहीत आहे. आमच्या ग्रुपवर त्या रात्री मी विचारलं. अठरा जणींची उत्तरं आली, सगळ्यांचं एकच : टायटर म्हणजे?

पण त्या बाकड्यावर बसल्या बसल्या मला वेगळीच गोष्ट आठवली होती आणि सिस्टरांना सांगताना माझा आवाज फुटला.

२०१९ चा पावसाळा. रात्रीचे दोन वाजले असतील. दारूमुळे लिव्हर गेलेला एक पेशंट, पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे, बेडवर उठून बसत होता. मी एकटी. त्याने हाताला झटका दिला आणि स्काल्प व्हेनची, म्हणजे शिरेत लावायची बारीक सुई माझ्या डाव्या तर्जनीत शिरली. ग्लव्हजच्या आत रक्त पसरलेलं अजून डोळ्यासमोर येतं. मी ड्युटीवरच्या डॉक्टरांना उठवलं. त्यांनी विचारलं, "हिपॅटायटिसचं झालंय ना?" मी म्हटलं, हो. "मग स्पिरिट लाव आणि जा, काही होत नाही." पेशंटचं रक्त तपासलं नाही, माझं तपासलं नाही, रजिस्टरमध्ये नोंद नाही. दोन दिवसांनी पेशंट दुसरीकडे हलवला. त्या डॉक्टरांवर मी कशी रागवू, मलाही तेच वाटत होतं. मीच तर हो म्हटलं होतं.

कॉलेजात आम्ही पाठ केलेलं असतं : बाधित पेशंटची सुई टोचल्यावर लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत, सीची तीन, एचआयव्हीची शून्य पूर्णांक तीन. परीक्षेत दोन मार्कांना येतं. एचआयव्हीला आपण सगळे थरथरतो, आणि ज्याची शक्यता सगळ्यात जास्त आणि ज्याच्यावर लस आहे त्याच्याकडे बघतही नाही. हा विषाणू टेबलावर सुकलेल्या रक्ताच्या डागातही सात दिवस टिकतो. म्हणून तर डायलिसिसमध्ये बी पॉझिटिव्ह पेशंटचं मशीन वेगळं, जागा वेगळी, शक्य तिथे सिस्टरही वेगळी.

माझं एचबीएसएजी (विषाणू आत्ता अंगात आहे का ते सांगणारं) आणि अँटी-एचबीसी (तो कधी येऊन गेला का ते सांगणारं) तपासायला पाठवलं, सोबत सी आणि एचआयव्ही. पहिल्याला आमचे जुने डॉक्टर अजून 'ऑस्ट्रेलिया अँटीजेन' म्हणतात. १९६० च्या दशकात डॉ. बारूक ब्लूमबर्ग यांना तो ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात सापडला, म्हणून ते नाव. पुढे १९७६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांचा जन्मदिवस २८ जुलै हाच हिपॅटायटिस दिन. वर्षानुवर्षं आम्ही त्या दिवशी पोस्टर लावत आलो, फिती बांधत आलो.

रिपोर्ट दोन दिवसांनी येणार होते. घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग उठून माझ्यासाठी चहा ठेवला. रात्री झोपताना म्हणाला, "माझंही करून घेऊ का?" तेवढ्यानेच मला रडू आलं. हा आजार रक्तातून जातो तसा नवरा-बायकोच्या संबंधातून जातो, आईकडून बाळाला जातो. आपल्या कामावरची एक सुई घरातल्या गादीपर्यंत येते हे त्या दोन रात्रींत मला कळलं.

सगळं निगेटिव्ह आलं. अँटी-एचबीसीही निगेटिव्ह, म्हणजे आजार होऊन बराही झालेला नव्हता. विषाणूने मला गाठलंच नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, "देवाने हात दिला असं समज. आता आपण आपलं काम करू."

काम असं होतं. आधी एक डोस द्यायचा आणि महिन्याने टायटर पाहायचा. शरीराला जुनी ओळख असेल तर एकाच डोसने आकडा उसळी घेतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात डोस घेतला, या वेळी दंडात, फ्रीजमधून काढून माझ्यासमोर व्हायल हलवून, तारीख दाखवून. ऑगस्टमध्ये रक्त दिलं. आकडा आला ६.४.

म्हणजे उसळी नव्हती. मुळातच लागू पडली नव्हती. नाईट ड्युटीच्या सात वर्षांत, कोविडच्या दोन वर्षांत, त्या सुईच्या रात्री, मी खरोखर उघडी होते.

त्याच आठवड्यात दुसरा डोस. तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी, म्हणजे जानेवारीत. त्यानंतर पुन्हा टायटर. डायलिसिसच्या इन्चार्ज सिस्टरांनी स्पष्ट सांगितलं, आकडा दहाच्या वर आल्याशिवाय युनिटमध्ये पाय नाही. मला ओपीडीत बसवलं, केसपेपर आणि बीपी. डायलिसिसचा भत्ता तोवर नाही. आठ महिने तो भत्ता बुडाला आणि घराच्या हप्त्याला त्याची गरज होती. तरीही तो निर्णय बरोबर होता असंच मी म्हणेन. माझं असं काही असू शकतं हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी पाहिलं होतं.

परळला उतरून मी आचार्य दोंदे मार्गाने जाते. हाफकिनची भिंत रोज लागते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहान खोलीत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी तयार झाले. ही गोष्ट मी शाळेत वाचली होती, पण त्या दिवसांत ती भिंत पाहिली की वेगळं वाटायचं. टोचून घेतल्यावर आपल्याला कितपत उपयोग झाला हे कळून घ्यायची सोय त्यांना नव्हती. आम्हाला आहे. एका पिवळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये पाच मिली रक्त, एवढंच लागतं. बाहेरच्या लॅबमध्ये हजाराच्या घरात खर्च येतो, आणि तेवढ्यासाठी ते राहून जातं.

सप्टेंबरमध्ये ओपीडीच्या मागच्या पॅसेजमध्ये आमच्या मजल्याच्या मावशी भिंतीला टेकून उभ्या दिसल्या. वय पन्नासच्या पुढे, कंत्राटी, घाटकोपरच्या डोंगरावर राहणाऱ्या. समोर कचऱ्याची ट्रॉली. उजव्या हाताचं मधलं बोट घट्ट पिळून त्यावर चंचीतल्या डबीतला चुना लावत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "काय न्हाय सिष्टर, पिशवीतनं काटा लागला." पिशवी पिवळी होती. मी चिमट्याने उचकून पाहिली. आत एक उघडी सुई. पांढऱ्या, सुईने भोसकला न जाणाऱ्या डब्यात जायला हवी होती ती कुणीतरी घाईत पिवळ्या पिशवीत टाकली होती.

मी त्यांना नळाखाली नेलं. बोट पिळू नका, चोखू नका, चुना-स्पिरिट काही लावू नका, साबण आणि वाहतं पाणी, बस. मला २०१९ मध्ये कुणीतरी हे असं हात धरून करायला हवं होतं, असं मनात येत राहिलं. त्या सारख्या म्हणत होत्या, "नोंद करू नका, सुपरवायझर बोलंल." मी त्यांना तशीच सिस्टरांच्या खोलीत घेऊन गेले.

सुई कुणाची ते कळणं शक्य नव्हतं. मावशींनी जन्मात लस घेतलेली नव्हती, धनुर्वाताचं इंजेक्शन सोडून. डॉक्टरांनी एचआयव्हीच्या गोळ्या लगेच सुरू केल्या. त्या दोन तासांत सुरू झाल्या तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि २८ दिवस एक दिवस न चुकता घ्यायच्या. हिपॅटायटिस बीसाठी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन, वजनाच्या हिशेबाने, जमलं तर २४ तासांच्या आत. आणि दुसऱ्या दंडात लसीचा पहिला डोस. सिस्टरांनी हे सगळं भराभर केलं. मग पैशाचा प्रश्न आला.

कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, आमच्याकडे लसीची तरतूद नाही. एचआर म्हणालं, त्या आमच्या रोलवर नाहीत. माझ्या हातात जूनमध्ये जो कागद दिला होता तो मावशींना कधी दिलाच नव्हता. मी जॉइन होताना माझ्या अँटिबॉडीचा दशांश भाग मोजला गेला, आणि रोज माझ्या हातच्या सुया ज्यांच्या पिशवीत जातात त्यांना लस दिली का, हे विचारायला कुणी नव्हतं.

इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी कपाटातून जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम काढले. त्यात हॉस्पिटल चालवणाऱ्यावरच ही जबाबदारी टाकली आहे : आरोग्य कर्मचारी आणि हा कचरा हाताळणारे इतर सगळे, यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वातासह अशा आजारांच्या लसी द्यायच्या. 'इतर सगळे' या शब्दांखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली, झेरॉक्स काढली आणि मेट्रन मॅडमना घेऊन वर गेल्या. काय बोलणं झालं मला माहीत नाही. चौथ्या दिवशी कंत्राटी सफाईवाले, लाँड्रीवाले, कचऱ्याच्या गाडीवरचे मामा अशा सगळ्यांची यादी मागवली गेली. ४३ नावं. एकाचंही लसीकरण झालेलं नव्हतं.

दुपारी दोनला शिफ्ट बदलताना टोचायचं ठरलं. मी ओपीडी संपवून मदतीला जायचे. पहिल्या दिवशी अकराच जण आले. कुणी म्हणे हात दुखला तर उद्याचा खाडा कोण भरणार, कुणाला वाटे रक्त तपासून कामावरून काढतील. हे भय खोटं नव्हतं, म्हणून सिस्टरांनी लेखी घेतलं की रिपोर्टवरून कुणाचं काम जाणार नाही. तरी लोकांना पटलं ते मावशींमुळे. गोळ्यांनी त्यांना सारखं मळमळायचं, जेवण जात नव्हतं, तरी त्या लॉबीत बसून एकेकाला सांगायच्या, "ह्या अठ्ठावीस दिसाच्या गोळ्या नकोत तर आधीच टोचून घ्या." ऑक्टोबरच्या दुसऱ्या फेरीला ४३ मधले ३९ आले.

जानेवारीत माझा तिसरा डोस झाला. मार्चमध्ये रक्त दिलं. सिस्टरांनी फोन केला तेव्हा मी लोकलमध्ये होते, कुर्ल्याच्या आसपास, बायकांच्या डब्यात दाराशी. आवाज नीट येत नव्हता. त्यांनी दोनदा सांगितलं, "दोनशे चौदा! दोनशे चौदा ग!" शेजारची बाई विचारायला लागली, निकाल लागला का कुणाचा. मी हो म्हटलं.

एक एप्रिलपासून माझी ड्युटी डायलिसिसला लागली. त्याच एक एप्रिलपासून सफाईचा कंत्राटदार बदलला. माणसं तीच राहिली, मालक नवा. आणि लसीच्या नोंदींची फाईल जुन्या कंत्राटदाराच्या ऑफिसात गेली होती. सिस्टरांकडे त्यांच्या रजिस्टरची प्रत होती म्हणून बचावलो, नाहीतर तीन-तीन डोस घेतलेली माणसं पुन्हा कोरी झाली असती. तेव्हापासून प्रत्येकाचं कार्ड प्रत्येकाच्याच हातात देतो. झेरॉक्स हॉस्पिटलला, मूळ कार्ड माणसाकडे. नर्सिंगच्या मुलींनाही मी हेच सांगते : कार्ड स्वतःजवळ ठेवा, तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांत टायटर मागा, कॉलेज करत नसेल तर चार जणी मिळून जा, पण करा.

मावशींचे सहा आठवड्यांचे, तीन महिन्यांचे, सहा महिन्यांचे रिपोर्ट निगेटिव्ह आले. तिसरा डोस मार्चमध्ये झाला. टायटरसाठी मेपर्यंत थांबलो, कारण इम्युनोग्लोब्युलिन घेतलेल्याच्या रक्तात उसन्या अँटिबॉडी असतात, त्या निघून गेल्याशिवाय खरा आकडा कळत नाही. त्यांचं वय पाहता मला धाकधूक होती. सकाळी सातला, मी डायलिसिसचं मशीन प्राइम, म्हणजे पेशंटसाठी तयार करत असताना, त्या युनिटच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. आत यायची मुभा नाही म्हणून बाहेरूनच विचारलं, "सिष्टर, माझा टायटर किती आला?"

"अडतीस."

"तुमचा दोनशे आन माझा अडतीसच?"

मी ग्लव्हज काढून बाहेर गेले. दहाच्या वर गेलं की झालं, असं सांगितलं. त्यांना ते पुरेसं वाटलं नाही बहुतेक. पदरातून आधारकार्डाची प्लास्टिकची पिशवी काढली, त्यातून लसीचं कार्ड काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "ह्याच्यावर लिवून द्या. तारीख बी घाला." मी निळ्या पेनने तारीख लिहिली, ३८ लिहिलं, खाली सही केली. शाई वाळेपर्यंत त्यांनी कार्ड पंख्याखाली धरलं आणि मग घडी न घालता पिशवीत ठेवलं.